खाली करायची केस चालू असताना मकानमालक स्वतःच्या चावीने घरात येऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की मालकाने घर खाली करायची केस लावलीय, निकाल अजून लागला नाही, पण तुम्ही ऑफिसात असताना तो त्याच्याकडच्या चावीने घर उघडून आत जातो. नाही, असं नाही जाता येत त्याला. केस लावली म्हणजे ताबा मिळाला असं नसतं, कोर्टाची डिक्री (म्हणजे निकालाचा हुकूम) होऊन ती बजावली जाईपर्यंत घर तुमच्याच ताब्यात आहे.

आमच्याकडे हेच झालं होतं, इथेच इंदूरला, रामबागेत. आई दुपारी जरा आडवी झाली होती तर कुलपात चावी फिरल्याचा आवाज आला, उठून बघते तर मालक आणि सोबत एक दलाल, आणि तो दलाल सरळ स्वयंपाकघरात जाऊन टेपने भिंत मोजायला लागला, ओट्यावर दुधाचं पातेलं होतं ते पण त्यानेच बाजूला सरकवलं. आई घाबरून काही बोललीच नाही. मला आजही त्या पातेल्याचा राग येतो.

पण एकदम दार बंद पण करू नका. 1882 च्या संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मधे मालकाला वाजवी वेळी येऊन घराची हालत बघता येते, आणि भाडं भरणाऱ्याला त्रास न देता राहू द्यायचं हे पण त्याच कलमात आहे. आम्ही वकिलाकडून लेखी कळवलं की एक दिवस आधी सांगा, रविवारी सकाळी या, आम्ही घरी असू. त्यापेक्षा जास्त तपासणी हवी असेल तर त्याने कोर्टात अर्ज द्यावा, कोर्ट कमिशनर, म्हणजे पाहणीसाठी नेमलेला माणूस, पाठवू शकतं. तरी घुसलाच तर तारीख, वेळ, फोटो ठेवा आणि वकिलाला मनाई हुकुमाचा अर्ज लावायला सांगा. जबरदस्तीने बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो.

आणि भाडं, भाडं अजिबात चुकवू नका! मध्य प्रदेशच्या 1961 च्या भाडे कायद्यात कलम 13 आहे, समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकलेलं भाडं भरायचं आणि मग दर महिन्याचं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, नाही भरलं तर कोर्ट तुमचा बचावच काढून टाकू शकतं. मालक घेत नसेल तर कोर्टात जमा करा. समन्स कोणत्या तारखेला हातात आलं ते आजच बघून वकिलाला फोन करा.