लातूरहून शिकागोला कामावर परत जाताना बिझनेस क्लास घ्यावा का, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीची सुट्टी संपली, लातूरहून हैदराबाद, तिथून आखाती देशात विमान बदलून शिकागो. परतीचं तिकीट इकॉनॉमीचं आहे. विमान कंपनीचा 'बोली लावा, बिझनेस क्लास मिळवा' असा ईमेल आलाय. सोमवारी ऑफिस. पैसे घालावेत का, आणि घातले तर नेमकं काय काय बघावं?

माझं उत्तर: दुसऱ्या, लांबच्या टप्प्यासाठी बोली लावा, पहिल्या टप्प्यासाठी एक रुपयाही घालू नका. बिझनेस क्लासमध्ये तुम्ही झोप विकत घेता. जेवण, लाउंज, गरम टॉवेल हे त्याच्या मागून येणारं. ज्या टप्प्यावर झोप होणार नाही तिथे ते पैसे वाया जातात.

घड्याळ मांडून बघा. हैदराबादहून आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. उड्डाण जेमतेम चार तासांचं. त्यातला चढण्या-उतरण्याचा आणि खाण्याचा वेळ काढला तर पाठ टेकायला दीड-दोन तास उरतात. शिवाय अशा छोट्या टप्प्यावर कधीकधी पूर्ण आडवी न होणारी सीट असलेलं लहान विमान लावतात. दुसरा टप्पा १४ ते १५ तासांचा. समजा दोहाहून विमान सकाळी आठला सुटलं, तर त्या वेळी शिकागोत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणजे विमान वर गेल्यावर लगेच झोपलात आणि सात तासांनी उठलात, तर शिकागोच्या सकाळी सहालाच उठल्यासारखं होतं. दुपारी उतरायचं, संध्याकाळ जागून काढायची, रात्री नऊ-दहाला झोपायचं. लातूरहून निघाल्यापासून रात्रभर जागरण झालेलं असतं, त्यामुळे झोप लागायला त्रास होत नाही. पहिल्या टप्प्यावर फक्त डुलकी काढा.

आता बोलीबद्दल. ती बहुतेक ठिकाणी प्रत्येक टप्प्याला आणि प्रत्येक प्रवाशामागे वेगळी असते. पट्टी सरकवून आकडा ठरवायचा असतो, तेव्हा तो आकडा एकट्याचा की सगळ्यांचा मिळून, हे नीट वाचा. बोली लागली की कार्डावरून पैसे लगेच वळते होतात आणि सहसा परत मिळत नाहीत. रक्कम परकी चलनात असेल तर बँकेचा फॉरेक्स मार्कअपही (परकी चलनावरचं जादा शुल्क) धरा. उत्तर उड्डाणाच्या दोन-तीन दिवस आधी येतं, कधी अगदी आदल्या दिवशी. तोपर्यंत इकॉनॉमीत जायची तयारी ठेवा.

बोलीत काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही ते आधी बघा. अनेक कंपन्यांमध्ये बोली लागली तरी सामानाची मर्यादा मूळ इकॉनॉमी तिकिटाचीच राहते, आणि मैलही (विमान कंपनीचे बक्षीस गुण) मूळ तिकिटाच्याच हिशोबाने जमा होतात. अमेरिकेच्या मार्गावर आखाती कंपन्या साधारणपणे इकॉनॉमीला २३ किलोच्या दोन आणि बिझनेसला ३२ किलोच्या दोन बॅगा देतात. बोली लागली म्हणून घरच्यांनी ३२ किलोची बॅग भरली, तर काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरा किंवा तिथेच जमिनीवर बॅग उघडून बसा, असे दोनच मार्ग उरतात. सरळ विकत घेतलेल्या बिझनेस तिकिटातही प्रकार असतात. एमिरेट्स आणि कतार या दोन्ही आखाती कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज धरलेलं नसतं. आणि नवं तिकीट भारतातून काढणार असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसवर १८ टक्के जीएसटी लागतो, इकॉनॉमीवर ५ टक्केच. तुलना करताना तो धरूनच करा.

किती बोली लावावी? इकॉनॉमीच्या वर द्यायची रक्कम प्रत्यक्ष झोपेच्या तासांनी भागा, १५ तासांनी नव्हे. ७० हजार आणि सात तास झोप म्हणजे तासाला दहा हजार. हा आकडा बघून जे वाटेल ते तुमचं उत्तर. सोमवारी मोठं काम असेल, पाठीचं दुखणं असेल किंवा उंची सहा फुटांच्या आसपास असेल, तर मी वरच्या बाजूला झुकेन. पोचल्यावर दोन दिवस मोकळे असतील तर झुकणार नाही. तारीख हातात असेल तर शनिवारी दुपारी शिकागोत उतरा. रविवार दुपारी उतरून सोमवारी सकाळी मीटिंग, हे बिझनेस क्लासमधूनही अंगावर येतं.

पैसे भरण्याआधी विमान कोणतं आहे ते बघा, कारण 'बिझनेस' या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या सीटा असतात. आडव्या ओळीत १-२-१ अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट बोळात (सीटांमधल्या वाटेत) उतरता येतं. २-३-२ असेल तर मधल्या सीटवर तुम्ही दोघांच्या मध्ये, आणि खिडकीवाल्याला उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. एमिरेट्सच्या जुन्या बोइंग ७७७ विमानांमध्ये अशी २-३-२ मांडणी आहे. काहींत तर पलंग पूर्ण सपाट न होता उतरता होतो आणि रात्रभर माणूस खाली घसरत राहतो. उलट कतारच्या 'क्यूस्वीट' या बिझनेस सीटला सरकता दरवाजा असतो. विमानाचा नेमका आराखडा एरोलोपा या संकेतस्थळावर बघायला मिळतो. विमान ऐनवेळी बदलतं, म्हणून तीन दिवस आधी आणि पुन्हा २४ तास आधी सीटचा नकाशा उघडून बघा. तुमचा सीट नंबर आपोआप हलवलेला असू शकतो.

सीट निवडताना पायाकडची जागा बघा. बऱ्याच सीटांमध्ये पाय समोरच्या सीटच्या कडेच्या खोबणीत जातात. ही खोबण अरुंद असली की कुशीवर वळताना गुडघे अडकतात. सगळ्यात पुढच्या ओळीत, भिंतीसमोर, ती अनेकदा मोठी असते. मात्र तिथे किचन किंवा बाळाचा पाळणा जवळ असू शकतो. किचन आणि टॉयलेटपासून दोन-तीन ओळी दूर राहा. पडदा कितीही ओढला तरी ट्रॉलीच्या कडीचा आवाज येतोच. पुढे-मागे सरकवलेल्या मांडणीत एकाआड एक ओळीत सीट खिडकीला चिकटून असते आणि टेबल बोळाच्या बाजूला येतं. एकट्याने झोपायला ती जागा उत्तम.

आत बसल्यावर पहिलं काम: फोन, पाकीट, पासपोर्ट झाकणाच्या कप्प्यात ठेवा, मांडीवर किंवा सीटच्या कडेला नको. फोन फटीत पडला तर सीटचं एकही बटण दाबू नका, हातही घालू नका. पलंग सरकताना खालची यंत्रणा फोन चेपते, बॅटरी फुटते आणि धूर, आग लागू शकते. उठून उभे राहा आणि क्रूला बोलवा, ते सीट उघडून काढून देतात. विमानातल्या सुरक्षा सूचनेत हे सांगतात, पण तेव्हा बहुतेक जण समोरचा स्क्रीन चाळत असतात.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर, ती १०० च्या आत बसते. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली आहे. एकच न्यायची, आणि तीही वरच्या कप्प्यात न टाकता सीटच्या खिशात किंवा समोरच्या सीटखालच्या बॅगेत ठेवायची. सीटला चार्जिंग असतंच, केबल मात्र स्वतःची न्या.

पलंग करायला क्रूला सांगा, संकोच नको, ते त्यांचं कामच आहे. गादीची पातळ घडी वेगळी असते, ती पसरली की सीटचे जोड टोचत नाहीत. अनेक सीटांचा बोळाकडचा हात (आर्मरेस्ट) खाली दाबता येतो, त्याने खांद्याला चार बोटं जागा वाढते. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. विमान हलायला लागलं की क्रू प्रत्येकाचा पट्टा तपासतो, आणि तो पांघरुणाखाली असेल तर उठवतो. झोपायच्या आधी स्पष्ट सांगा, "मी आता झोपतोय, जेवण उठल्यावर घेईन." कतारसारख्या कंपन्या हवं तेव्हा जेवण देतात. इतर ठिकाणी ठरलेली वेळ असली तरी सांगून ठेवलं की थाळी राखून ठेवतात. केबिनची हवा फार कोरडी असते, म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि झोपायच्या आधी दारू नको. आडवं झोपलात तरी उठल्यावर दोन-तीन चकरा मारा, पोटऱ्या मोकळ्या करा.

शाकाहारी असाल तर किमान २४ तास आधी बुकिंगमध्ये कोड टाका: भारतीय पद्धतीचं शाकाहारी म्हणजे एव्हीएमएल, जैन म्हणजे व्हीजेएमएल. व्हीजीएमएल हे वीगन असतं, त्यात दही, पनीर, तूप काही नाही, आणि इथेच खूप जण फसतात. एकादशी, चतुर्थीच्या उपासाला वेगळा कोड नाही. जवळचा म्हणजे एफपीएमएल, नुसती फळांची थाळी. सोबत राजगिऱ्याचे लाडू ठेवा. कोड टाकला की बिझनेसच्या मेनूतली निवड सहसा जाते, ठरलेली थाळीच येते.

आता लातूर ते विमानतळ. इथे चूक झाली तर पुढचं सगळं फुकट. लातूरकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा बरंच जवळ, तुमची निवड बरोबर आहे. उमरगा-हुमनाबाद-जहीराबादवरून गेलात तर पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागा. शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ येतो. नांदेडचे लोक देगलूर-संगारेड्डी मार्गाने त्याच रस्त्याला येऊन मिळतात. संभाजीनगर-जालन्याच्या माणसाला मुंबईच सोयीची. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, पण आमणेला, म्हणजे त्याच्या मुंबईकडच्या टोकाला, उतरल्यावर भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच, तिथे दोन तास हातात ठेवा. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून विमानाने मुंबई गाठणार असाल तर शक्यतो दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, घ्या. वेगळं तिकीट असेल तर देशांतर्गत टप्प्यावर १५ किलोच चालतं, आणि ते विमान उशिरा आलं तर पुढच्या कंपनीची काही जबाबदारी नसते.

काउंटर साधारण तास-सव्वा तास आधी बंद होतं, बिझनेससाठी थांबत नाही. इमिग्रेशनची रांगही बिझनेसमुळे लहान होईलच असं नाही. त्यासाठी एफटीआय-टीटीपी ही जलद इमिग्रेशनची सरकारी नोंदणी आहे, हैदराबाद आणि मुंबईत जानेवारी २०२५ पासून. भारतीय पासपोर्टधारकांना ती मोफत आहे, पण मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पुढच्या खेपेसाठी आत्ताच अर्ज करा. आखातात लाउंज मिळत असेल तर शिरताक्षणी शॉवरसाठी नाव द्या, तिथे रांग लागते. आधी अंघोळ, मग खाणं. लाउंजमध्येच हलकं जेवून घेतलंत की विमानात थेट झोपता येतं. एतिहादने अबू धाबीमार्गे जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, दोन तास त्यासाठीच राखा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि शेवटच्या तीन पगारपावत्या हातातल्या बॅगेत. ही बॅग भारतातून आंतरराष्ट्रीय बिझनेसला एकच, १० किलोपर्यंत. इकॉनॉमीला ७ किलो, आणि तुमचा पहिला टप्पा इकॉनॉमीचा, म्हणून ७ च धरा.

शेवटी बॅगेत घरचं काय भरायचं. बॅगेच्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज कंपनीच्या मर्यादेच्या आत हवी. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून स्कॅनरवर बॅग बाजूला काढतात. काळ्या मसाल्यात वाटून गेलेल्या खोबऱ्याची अडचण नाही. शेंगदाण्याची, कारळ्याची चटणी, ज्वारीचं पीठ चालतं. लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून कपड्यांच्या मधोमध ठेवा. खसखस आखाती देशांत अमली पदार्थात धरतात. लोकांना तुरुंगवास झाला आहे. नुसता तिथे विमान बदलायचा प्रवास असला तरी पुडीसुद्धा नेऊ नका, आणि आईने मसाल्यात सुटी टाकली नाही ना हे विचारून घ्या. अमेरिकेला जाताना तांदूळ, हरभरा, सोयाबीन, करडईचं बी सामानात चालत नाही. धान्याला लागणाऱ्या खापरा किड्यामुळे भारतातून हे आणायला मनाई आहे. कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे असतील तर अधिकाऱ्याला आपणहून सांगा. सांगितलंत तर फार तर पेढे काढून घेतील, लपवून सापडले तर दंड लागतो.