शेणाचा रिपोर्ट कोरा आला, तरी गुरांच्या यकृतात चपटे कृमी असू शकतात

प्रश्न : आमच्या गाई मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी चरतात. दोघींच्या जबड्याखाली सूज आहे, दूध घटलंय, अंग धरत नाहीत. शेणाच्या तपासणीत मात्र अंडी सापडली नाहीत. मग चपटे कृमी नाहीत, असं धरायचं का? (गोंदिया)

उत्तर : एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, ते आधी विचारा. गोल कृमींची अंडी मिठाच्या दाट द्रावणात वर तरंगतात. चपट्यांची जड असतात, ती खालीच राहतात. त्यासाठी शेण पाण्यात कालवून गाळायचं, गाळ बसला की वरचं पाणी हलक्या हाताने ओतायचं, आणि पाणी नितळ होईपर्यंत हेच करत राहायचं. मग तळचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला की बाकीचा गाळ निळा होतो आणि पिवळसर-तपकिरी अंडी उठून दिसतात.

पद्धत बरोबर असली तरी वेळ चुकू शकते. आपल्याकडचा यकृतातला चपटा कृमी, फॅसिओला जायगँटिका, पोटात गेल्यावर अंडी घालेपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात. तेवढ्यात कोवळे कृमी यकृत पोखरत असतात आणि शेणात काहीच नसतं. तलाव ओसरताना काठच्या गवतातून सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण झाली असेल, तर डिसेंबरातला रिपोर्टही कोरा येऊ शकतो. त्यात अंडी पित्ताबरोबर उतरतात, तीही रोज सारखी नाहीत. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा तपासा.

जबड्याखालची सूज बोटाने दाबून बघा. मऊ असेल, दुखत नसेल, खळगा राहत असेल आणि पापणी आतून फिकी असेल, तर रक्तातली प्रथिनं घटली असावीत. गोल कृमींनीही असं होतं. सूज छातीच्या पोळीपर्यंत असेल आणि मानेची शीर फुगलेली असेल, तर पोटात तार किंवा खिळा गेल्याची शंका घ्या, डॉक्टरांना लगेच बोलवा.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅम्फिस्टोम’ लिहिलंय. हाच तो यकृतातला कृमी का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : नाही. अ‍ॅम्फिस्टोम मोठा झाला की रवंथाच्या पोटात राहतो. त्याची अंडी जवळपास तेवढीच मोठी, पण रंगहीन असतात. घाईत दोन्हींची गल्लत होते. दोघेही गोगलगाईमार्फतच पसरतात, त्यामुळे एकाच जनावरात दोन्ही सापडणं नेहमीचंच. स्लाइड पुन्हा बघायला सांगा.

प्रश्न : तीस जनावरांपैकी किती तपासायची?

उत्तर : एकाच ठिकाणी चरणारी दहाएक घ्या, रोड झालेली त्यात हवीतच. जमिनीवरचं शेण उचलू नका, हातमोजा घालून गुदाशयातून घ्या. एखादं जनावर दगावलं तर शवविच्छेदन टाळू नका. जुनी लागण असेल तर पित्तनलिका जाड, कडक झालेल्या असतात, सुरी फिरवताना वाळू कापल्यासारखी करकर ऐकू येते, आणि आत पानासारखे कृमी दिसतात. एवढं दिसलं, की सगळा कळप लागणीत आहे असंच धरा.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक देतो, तरीही चपटे कृमी होतात?

उत्तर : हो, कारण ते चपट्या कृमींवर चालतच नाही. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींना मारतं, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांनाही. औषध, मात्रा आणि दूध किती दिवस विकायचं नाही, हे पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या. फेरतपासणी तीन आठवड्यांनी करा. त्याआधी पित्ताशयात साठलेली जुनी अंडी उतरतात आणि औषध लागू पडलं नाही असा उगाच समज होतो.