यॉटने उष्ण कटिबंधातली बेटं फिरणं खरंच सुखाचं असतं का?
सुखाचं आहे, पण मेहनतीचंही. दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातली तुआमोतू बेटंच घ्या. भोवती प्रवाळांचं कडं, आत शांत निळंहिरवं पाणी. रात्री नांगर टाकून डेकवर पडलं की आभाळभर तारे! मला विचाराल तर एवढ्यासाठी सगळे कष्ट सोसावेत. पण आत शिरायला त्या कड्याचं अरुंद तोंडच असतं. भरती-ओहोटीचं पाणी तिथून जोरात धावतं, त्यामुळे ओढ मंदावण्याची वेळ साधावी लागते. आतही सूर्य वर असतानाच सरका, नाहीतर पाण्याखालचे प्रवाळ दिसत नाहीत. प्रवाळातला मोठा मासा स्थानिकांना विचारल्याशिवाय खाऊ नका. त्यात सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष असू शकतं, आणि ते शिजवूनही जात नाही. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र चक्रीवादळांचा काळ, तेव्हा जाणं टाळाच.