पहिली डिस्क बर्न करतोयस ना (म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइल्स कोऱ्या सीडी-डीव्हीडीवर उतरवतोयस), मग एवढं बघ

हे बघ, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन लगेच पन्नास डिस्कचा डबा आणू नकोस, आधी चांगल्या कंपनीच्या पाचच घे. डीव्हीडीवर 4.7 जीबी छापलेलं असतं पण विंडोजमध्ये ते 4.37 च दिसतं, म्हणून काठोकाठ भरू नको. फोटो, डॉक्युमेंट, व्हिडिओ सगळं एकाच डाटा डिस्कवर (फाइल्स जशाच्या तशा ठेवायची डिस्क) चालतं, फक्त सीडीवर गाण्यांच्या फाइल्स ठेवताना चुकून ऑडिओ सीडी निवडलीस तर 80 मिनिटांचीच गाणी बसतील.

- बर्न झाल्यावर व्हेरिफाय कर, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स नीट उतरल्यात का ते तपास, मगच मूळ फाइल उडव. माझ्या आजोबांचे फोटो न तपासल्यामुळे गेले, अजून जीवाला लागतं.
- बॉलपेन नको, मार्करने लिही, आणि उन्हात ठेवू नको.

मल्टिसेशन (एकाच डिस्कवर नंतर आणखी फाइल्स टाकणं) वगैरे नंतर सांगतो, आज एक डिस्क करच!