सदस्यत्वाच्या वाटाघाटी आणि अपंगांचे हक्क

प्रश्न : युक्रेन आणि मोल्दोव्हा यांच्या युरोपियन युनियनमधील प्रवेशाच्या बातम्यांत व्यापार, शेती, न्यायालये यांचीच चर्चा असते. अपंग व्यक्तींच्या हक्कांना त्यात काही स्थान आहे का? आणि सरकारांच्या या व्यवहारात स्वयंसेवी संस्था काय करू शकतात?

उत्तर : स्थान आहे, आणि ते वरचे आहे. 1993 साली कोपनहेगन येथे ठरलेल्या सदस्यत्वाच्या निकषांत लोकशाही आणि मानवी हक्कांची हमी देणाऱ्या स्थिर संस्थांची अट आहे, आणि वाटाघाटींच्या विषयवार प्रकरणांपैकी मूलभूत हक्कांचे 23 वे प्रकरण आता सुरुवातीलाच उघडून सर्वांत शेवटी मिटवले जाते. शिवाय अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार या दोन्ही देशांनी आणि खुद्द युनियनने 2010 मध्येच स्वीकारला आहे.

पण करार स्वीकारला म्हणून माणसाचे जगणे बदलतेच असे नाही. बल्गेरिया 2007 मध्ये सदस्य झाला, तेव्हा तिथला एक प्रौढ माणूस घरापासून सुमारे 400 किलोमीटरवरच्या डोंगरातील, मानसिक विकार असलेल्यांसाठीच्या निवासी संस्थेत अडकलेला होता. ज्या पालक-अधिकाऱ्याच्या (म्हणजे आई-वडील नव्हे, तर त्याच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) संमतीने 2002 मध्ये त्याला तिथे ठेवले गेले, त्याची आणि या माणसाची तोवर भेटही झाली नव्हती. धुतलेले कपडे तिथे हाताला येतील तसे वाटले जात, त्यामुळे अंगावरचा सदराही स्वतःचा नसे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने (ते युनियनचे नव्हे, तर युरोप परिषद या वेगळ्या संघटनेचे) 2012 मध्ये बल्गेरियाला दोषी ठरवले.

अशा भिंतींआडचे वास्तव मंत्रालयाच्या कागदांतून ब्रसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला, कळत नाही. युनियनचे कार्यकारी मंडळ असलेला युरोपियन आयोग दरवर्षी प्रत्येक उमेदवार देशाविषयी अहवाल काढतो आणि त्यासाठी नागरी संघटनांकडूनही माहिती घेतो. माझ्या मते संघटनांनी आपली मुख्य ताकद इथेच लावावी : किती जण निवासी संस्थांमध्ये आहेत, किती जणांचे निर्णय नेमलेले पालक घेतात, किती जण घरी परतले, हे ठिकाण आणि तारखांसह लिहून द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या त्या कराराच्या चौथ्या कलमानुसार सरकारने अपंग व्यक्तींशी त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. म्हणून या कामात अपंगांच्या स्वतःच्या संघटना पुढे असाव्यात आणि इतरांनी त्यांना साथ द्यावी.

हे सगळे प्रवेशापूर्वी व्हायला हवे, कारण एकदा सदस्यत्व मिळाले की आयोगाच्या हातातला दबाव बराच सैल होतो. काही सदस्य देशांत तर युनियनचा निधी जुन्याच मोठ्या निवासी संस्थांच्या डागडुजीवर खर्च झाला आहे. युक्रेनच्या पुनर्बांधणीचा पैसा तशाच इमारतींत जाणार, की लोकांना आपल्या घरी राहता यावे यासाठीच्या साहाय्यावर, हे तिथल्या संघटनांनी अंदाजपत्रकाच्या टप्प्यावरच विचारले पाहिजे.