मादीचा रंग आणि अंडी उबवण्याचे काम

प्रश्न : नर पक्षी रंगीबेरंगी असतो आणि मादीला अंडी उबवायची असल्याने तिचा रंग मातकट असतो, असे वाचनात आले. तसे असेल, तर पोपट आणि खंड्या यांच्या माद्या रंगीत कशा?

उत्तर : आपण वाचलेले चूक नाही, पण अपुरे आहे. रंगाचा संबंध अंडी कोण उबवते याच्याशी जितका आहे, तितकाच ती कुठे उबवली जातात याच्याशीही आहे.

मॅलार्ड बदकाची मादी जमिनीवर, गवताच्या आडोशाला, सुमारे 28 दिवस एकटीच अंड्यांवर बसते. तिचे प्रत्येक पीस तपकिरी आणि कडेला फिकट असते. त्यामुळे तिच्या शरीराची बाह्यरेषाच सुक्या गवतात विरून जाते आणि कोल्ह्यासारख्या शिकाऱ्याची नजर तिच्यावरून घसरते. हिरव्या चकचकीत डोक्याचा नर तिथे बसला असता, तर घरटे लपणे कठीण झाले असते.

खंड्या मातीच्या दरडीत बीळ खोदतो, तर बहुतेक पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. आत बसलेली मादी वरून दिसतच नाही, मग तिने रंग लपवावा कशासाठी? ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1868 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियातील एक्लेक्टस पोपटात तर मादी लालभडक आणि नर हिरवा असतो. ती कित्येक महिने ढोलीपाशी राहते आणि तिच्यासाठी रानभर अन्न शोधत हिंडणाऱ्या नराला पानांत मिसळून जाणारा रंग उपयोगी पडतो.

मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो उलट्या जोड्यांचा. रंगीत पाणलाव्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराच्या शोधात निघते. उबवणे आणि पिल्ले सांभाळणे नराकडे येते. या जातीत गडद तांबूस मानेची, उठून दिसणारी मादीच असते, तर नर ठिपकेदार आणि फिका असतो. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात वीण करणाऱ्या फॅलॅरोप पक्ष्यांतही असेच आढळते. शहामृगाने मात्र पाळ्या वाटून घेतल्या आहेत : करड्या-तपकिरी माद्या प्रामुख्याने दिवसा बसतात आणि काळा नर रात्री.

तरीही हा नियम सरसकट लावू नये. स्वर्गीय नर्तकाचा पांढराशुभ्र नर उघड्या घरट्यात आळीपाळीने बसतो आणि त्याची लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबत राहते. शिवाय नराची झळाळी मुख्यतः मादीच्या निवडीतून वाढत गेली, हा डार्विन यांचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. लपण्याची गरज हे फक्त मादी तशी का झाली नाही याचे उत्तर आहे.

प्रत्यक्ष उबवण्यामुळे पिसांचा रंग उतरतो, असा मात्र समज करून घेऊ नये. मोर, कोंबड्या आणि बदके यांच्या कुळांत मादीचा साधा पिसारा अंडाशयातील इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे येतो. म्हणूनच वयामुळे किंवा आजारामुळे अंडाशय निकामी झालेल्या लांडोरीला पुढच्या पीसगळतीनंतर मोरासारखी पिसे येऊ लागतात.