स्प्रिंगच्या एअर रायफलचा ट्रिगर फार जड लागतो. ट्रिगरची स्प्रिंग कापली तर चालेल का?

नाही. कापलेली स्प्रिंग आखूड होते, पण उरलेले वेढे आधीपेक्षा कडक होतात आणि ट्रिगर जागेवर नीट परत येत नाही. त्यापेक्षा बारीक तारेची घ्या. बाकी मापं तीच ठेवून तार ०.८ ऐवजी ०.७ मिमी घेतली, तरी कडकपणा चाळीसेक टक्के उतरतो.

पण आधी वजन मोजा. बॅगा तोलायचा हुकाचा काटा बोट बसतं तिथे अडकवून सरळ मागे ओढा. एकदा रायफल न ताणता, एकदा ताणून, छर्रा भरून, नळी वाळूच्या पोत्याकडे धरून. साताऱ्यातली एक रायफल नुकतीच दुरुस्तीला आली होती. ताणून ३.४ किलो, न ताणता १.९. म्हणजे निम्म्याहून जास्त जडपणाचा मेनस्प्रिंगशी (रायफल ताणताना दबणारी, पिस्टन ढकलणारी मोठी स्प्रिंग) संबंधच नाही. लाकडी बट उतरवल्यावर कळलं: पावसाळ्यात फुगलेलं लाकूड ट्रिगरला घासून तिथे काळी चकचकीत रेघ पडलेली, आणि पिनेवर कुणीतरी ओतलेलं खोबरेल. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. साताऱ्यात थंडीच्या सकाळी मेणच होणार. लाकडातली फट जराशी मोठी केली, पिन रॉकेलने धुऊन पातळ तेलाचा एक थेंब दिला, सिअरच्या (ताणलेला पिस्टन अडवून धरणारा खटका) घासणाऱ्या तोंडांवर टाचणीच्या डोक्याएवढं मॉली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस लावलं. ताणून २.२ वर आली.

न ताणता हलका आणि ताणल्यावरच जड असेल, तर मेनस्प्रिंग बघा. साध्या ट्रिगरमध्ये पिस्टनचा दाब थेट सिअरवर येतो. ‘जोर वाढवून देतो’ म्हणत जाड स्प्रिंग घालणारे ट्रिगरचं वाटोळं करतात. मूळ मापाची परत घाला. मागचं बूच मात्र स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय खोलू नका, दाबलेली स्प्रिंग तोंडावर येते.

सिअर कानशीने घासायचा सल्ला देणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. वरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की आतलं मऊ लोखंड झिजतं आणि रायफल आपोआप सुटते. ‘जड ट्रिगरने बोट तयार होतं’ हेही साफ चूक. पोरं ट्रिगर दाबायच्या ऐवजी हिसका द्यायला शिकतात आणि ती खोड पुढे स्पर्धेच्या (मॅच) रायफलवरही जात नाही.

हो, साध्या ट्रिगरकडून दीड किलोच्या खाली अपेक्षा धरू नका. ताणायला, भरायला नळी खाली मोडून उघडी असताना ट्रिगर दाबायचा नाही, नळी झटक्यात मिटून वाकते, बोटंही जातात. काम झाल्यावर रायफल ताणून, छर्रा भरून, पोत्याकडे धरून बटावर रबरी हातोडीने ठोका. सुटली तर सिअर नवा टाकल्याशिवाय ती वापरू नका.